२८० युरोंत किती तास? जर्मनीतल्या ओपेअरचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याच्या, वय २२, जर्मन भाषेची बी१ पातळीची परीक्षा पुण्यात देऊन गेलेल्या. पाच महिन्यांपासून श्टुटगार्टजवळच्या एका गावात ओपेअर म्हणून, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळत भाषा शिकायला, राहताय. घरात दोन मुलं, एक दोन वर्षांचं, एक पाच. ठरलेत महिन्याला २८० युरो, हातात पडतात २४०. ४० युरो ‘विमा आणि मोबाइल’ म्हणून वळते होतात. सकाळी पावणेसातला काम सुरू. आठवड्यातून तीन रात्री आईवडील बाहेर जातात तेव्हा मुलं तुमच्यावर. ज्या सकाळी जर्मनचा क्लास नसतो त्या सकाळी घर आवरणं. काही बोलायला गेलं की बाई म्हणतात, ‘अगं, तू आमच्या घरचीच आहेस.’ पुढे नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाला, जायचंय, त्यासाठी त्यांचं शिफारसपत्र लागेल, म्हणून तुम्ही गप्प आहात. आणि विचारताय की पैसे किती वाढवून मागू.

माझं मत असं की वाढवून काहीच मागू नका. कापलेले ४० परत मागा आणि तास ३०वर आणून घ्या. ओपेअर मुलींचे करार आणि आठवड्याची वेळापत्रकं तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि जवळजवळ प्रत्येक भांडण पैशांच्या नावाने सुरू होऊन तासांपाशी येऊन थांबतं. पैसे वाढवून घेतले की ते जादा तास पक्के होतात, एवढंच.

आधी हे २८० युरो नेमके काय आहेत ते बघू. हा पगार नाही. जर्मनीत त्याला ‘टाशेनगेल्ड’ म्हणतात, म्हणजे सरळ खिशातला खर्च. ओपेअर ही नोकरी मानली जात नाही, ती भाषा आणि संस्कृती शिकण्यासाठीची सोय मानली जाते. म्हणून तिथला किमान वेतनाचा कायदा तिला लागत नाही, आणि म्हणूनच तिच्याभोवती बाकीची कुंपणं घातलेली आहेत: दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आठवड्याला ३० तास, आठवड्यात दीड दिवस सलग सुट्टी, महिन्यातला किमान एक रविवार पूर्ण मोकळा, आठवड्यात चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवडे रजा आणि त्या रजेतही टाशेनगेल्ड चालू. वर्ष पूर्ण होत नसेल तर प्रत्येक पूर्ण महिन्यामागे दोन दिवस रजा. स्वतंत्र खोली, खिडकी असलेली, किमान आठ चौरस मीटर, घराच्या आतच. जेवण घरच्यांबरोबर. क्लाससाठी महिन्याला ७० युरो वेगळे आणि जवळच्या क्लासपर्यंतचं येण्याजाण्याचं भाडं. आजारपण, अपघात आणि बाळंतपण धरून विमा, त्याचा हप्ता घरच्यांनी भरायचा.

यातलं एक कुंपण पडलं की बाकीच्यांचा अर्थ जातो. ३०चे ४२ तास झाले तर २८० युरोंना ‘खिशातला खर्च’ म्हणण्याचा आधारच उरत नाही. मग ती स्वस्तातली मोलकरीण होते, फक्त व्हिसावर नाव वेगळं. नॉर्वेने मार्च २०२४पासून ओपेअरचे नवे परवाने देणंच बंद केलं, त्यामागे हीच तक्रार होती.

आता तुमचा आठवडा मोजू. तुम्ही लिहिलेल्या वेळा धरूनच.

सकाळी ६.४५ ते ८.३०: मुलांना उठवणं, म्युस्ली-ब्रेड, कपडे, धाकट्याचं डायपर, दोघांना किटामध्ये (पाळणाघर-बालवाडीत) सोडून परत येणं. पावणेदोन तास. दुपारी ३ ते ६.३०: आणणं, खेळवणं, बागेत नेणं, खायला देणं. साडेतीन तास. रात्रीच्या जेवणानंतर ७.१५ ते ७.४५ स्वयंपाकघर एकटीने आवरणं, अर्धा तास. हे झाले रोजचे पावणेसहा तास, पाच दिवसांचे २८ तास ४५ मिनिटं. इथपर्यंत ठीक. आता तीन रात्री, ८ ते ११, म्हणजे नऊ तास. बेरीज ३७ तास ४५ मिनिटं. आणि क्लास नसलेल्या तीन सकाळी दीड-दीड तास व्हॅक्यूम, बाथरूम, इस्त्री: आणखी साडेचार तास. एकूण ४२ तास १५ मिनिटं. मर्यादेपेक्षा सव्वाबारा तास जास्त. शिवाय ज्या दिवशी रात्रीही मुलं सांभाळता, त्या दिवशी पावणेनऊ तास होतात, आणि त्याच सकाळी घरही आवरलं असेल तर सव्वादहा. रोजच्या सहा तासांची मर्यादा तर कधीच ओलांडली. एवढं खरं की चार मोकळ्या संध्याकाळचा नियम तुमच्या घरात अजून शाबूत आहे. अगदी काठावर, पण शाबूत.

पैशांत बघा. आठवड्याचे ३० तास म्हणजे महिन्याचे १३०. २८० भागिले १३०, ताशी दोन युरो पंधरा सेंट. हा आकडा ऐकून पुष्कळ जणी चिडतात, पण त्यात राहणं-जेवण धरलेलं नसतं. जर्मनीत करासाठी राहण्या-जेवणाची किंमत सरकारच ठरवून देते. २०२५मध्ये ती महिन्याला जेवणाची ३३३ आणि राहण्याची २८२ युरो होती. म्हणजे ६१५. त्यात टाशेनगेल्ड, क्लासचे ७० आणि विम्याचा हप्ता घातला की सगळं मिळून हजाराच्या आसपास जातं. १३० तासांना हजार, ताशी साडेसात-पावणेआठ. किमान वेतनापेक्षा कमीच, पण उरलेली किंमत भाषेच्या आणि मोकळ्या वेळाच्या रूपाने मिळते असं गृहीत धरलेलं आहे.

तुमच्या घरात महिन्याचे तास भरतात १८३. म्हणजे वरचे ५३ तास. ते काम त्यांनी बाहेरून कुणाकडून करून घेतलं असतं, तर २०२५च्या किमान वेतनाने, ताशी १२.८२ युरो, महिन्याला ६८० युरो मोजावे लागले असते. १ जानेवारी २०२६पासून तो दर १३.९० झालाय, म्हणजे त्याहूनही जास्त. ‘तू घरचीच आहेस’ या वाक्याची ही किंमत आहे. ते वाक्य प्रेमाने म्हटलेलं असू शकतं, नाही असं नाही. पण आपल्याकडे ‘घरचीच आहे’ म्हणून किती जणींना राबवलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग ६८० मागावेत का? नाही, आणि याचं कारण व्यवहाराचं आहे. ओपेअरच्या परवान्यावर तुम्हाला दुसरी कमाई करता येत नाही, आणि त्याच घरात पैसे घेऊन ४२ तास काम केलं तर ते ओपेअर राहतच नाही. उद्या चौकशी झाली तर अडचणीत घर येईल आणि तुम्हीही याल. जास्तीचा तास झाला तर त्याच्या बदल्यात मोकळा तास, लगेचच्या दिवसांत, हाच सरळ मार्ग आहे. शेजारणीची मुलं सांभाळून वर पन्नास युरो मिळवणं हेही याच कारणाने टाळा.

आणि तुमचं खरं नुकसान पैशांचं नाहीच. बी१ घेऊन तुम्ही गेलात. नर्सिंगच्या आउसबिल्डुंगसाठी बहुतेक ठिकाणी बी२ हातात असलेली मुलगी पुढे जाते. आठवड्याचे सव्वाबारा तास म्हणजे क्लास, गृहपाठ, बाहेर जर्मन बोलणं, सगळं त्यातच जातं. वर्षाच्या शेवटी ‘मुलांशी जर्मन येतं पण पत्र लिहिता येत नाही’ अशी गाडी अडकते, ती याच तासांमुळे. दोन वर्षांच्या मुलाबरोबर दिवसभर राहून शब्दसंग्रह डायपर, बूट आणि डायनासोर यांच्या पलीकडे फारसा जात नाही.

काय मोजायचं आणि काय नाही, यावर बरीच गल्लत होते. मुलं झोपलीत आणि तुम्ही सोफ्यावर मोबाइल बघत बसलाय, पण घरात दुसरं मोठं माणूस नाही: हे काम आहे, पूर्ण तास. बेबीफोन, म्हणजे बाळाचा आवाज ऐकवणारं यंत्र, तुमच्या खोलीत ठेवलाय: काम. मुलाला किटात सोडून रिकाम्या हाताने परत येतानाची वीस मिनिटं: काम. घरच्यांबरोबर जेवताना मध्येच मुलाला भरवणं, इकडचं तिकडचं, ते मी मोजत नाही. जेवण झाल्यावर सगळे मिळून ताटं उचलतात, एक जण डिशवॉशर भरतो, तुम्ही टेबल पुसता, तेही मोजू नका. घरात राहणारं कोणीही ते करतं. पण आईवडील टीव्हीसमोर आणि तुम्ही ओट्याशी, असं रोज होत असेल तर तो अर्धा तास मोजायचा. ‘ओ पेअर’ या फ्रेंच शब्दांचा अर्थच ‘बरोबरीने’ असा आहे. शंका आली की एवढंच पाहायचं, हे काम घरात बरोबरीने होतंय की फक्त मीच करतेय.

कामाच्या प्रकारालाही हद्द आहे. मुलांचे कपडे धुणं, त्यांच्या खोलीची साफसफाई, त्यांच्यासाठी साधं खाणं, थोडी इस्त्री, हे हलक्या घरकामात बसतं. आख्ख्या घराचं बाथरूम, खिडक्या पुसणं, वडिलांच्या शर्टांची इस्त्री, पाहुण्यांचा स्वयंपाक, आजीची शुश्रूषा, हे बसत नाही. आजारी किंवा वृद्ध माणसाची काळजी घेणं तर अजिबातच नाही, ते वेगळं प्रशिक्षित काम आहे. तुमच्या तीन सकाळींपैकी मुलांच्या खोलीचा भाग ठेवा, बाथरूम सोडून द्या.

आता ते ४० युरो. विम्याचा हप्ता टाशेनगेल्डमधून कापता येत नाही, तो त्यांचाच खर्च आहे. मोबाइल मात्र तुमचा. त्यांनी घरच्या पॅकेजमध्ये सिम दिलं असेल तर दहाबारा युरो तुम्ही देणं रास्त, पण ते लेखी ठरवून, आणि तुम्हाला ते नको असेल तर स्वतःचं प्रीपेड घ्यायची मुभा ठेवून. विमानाचं तिकीट त्यांनी आपणहून दिलं असेल तर नंतर हप्त्याने वसूल करणं चूक. फुटलेल्या कपाचे पैसेही कापत नाहीत. मोठी वस्तू मोडली तर त्यासाठी हाफ्टप्फ्लिश्ट विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, असतो, तो ओपेअरच्या विम्यात जोडलेला आहे का हे पॉलिसीच्या कागदावर बघून घ्या. टाशेनगेल्ड रोख घेऊ नका. बँकेत वळतं करायला सांगा आणि कारणाच्या रकान्यात ‘टाशेनगेल्ड’ आणि महिन्याचं नाव लिहायला सांगा. हा एक रकाना पुढे पन्नास स्क्रीनशॉटचं काम करतो.

मुलं आजारी पडली की तास फुगतात, हे प्रत्येक घरात होतं. किटा मुलाला घेत नाही, आईची ऑफिसची मीटिंग असते आणि तुम्ही घरात असताच. एखाद्या दिवशी दोन तास इकडेतिकडे झाले तर तेवढ्यावरून वाद घालू नका, पुढच्या दोन दिवसांत भरून घ्या. पण आजारी मूल सांभाळायची जबाबदारी पालकांची आहे आणि त्यासाठी त्यांना रजा मिळते: सरकारी आरोग्य विमा असलेल्या नोकरदार पालकाला २०२५मध्ये प्रत्येक मुलामागे १५ दिवसांपर्यंत. ताप अंगात असलेलं दोन वर्षांचं मूल दिवसभर तुमच्यावर सोडून जाणं हे तासांच्या हिशेबापेक्षा गंभीर आहे, तिथे स्पष्ट नाही म्हणा.

अन्याय कुठला आणि नुसतं वेगळेपण कुठलं, हेही तपासायला हवं. संध्याकाळी गरम जेवण मिळत नाही, ब्रेड, चीज आणि काकडी देतात, म्हणून उपाशी ठेवतात अशी तक्रार घरी फोनवर होते. ते ‘आबेंडब्रोट’ आहे, जर्मन घरात रात्री बऱ्याचदा हेच खातात. दुपारी गरम खा. शाकाहारी असाल तर भाज्या, डाळी, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, हे नेहमीच्या किराण्यात त्यांनी आणायचं. तूरडाळ आणि गोडा मसाला स्वतःच्या पैशांनी आणणं मला रास्त वाटतं. कोणी दार लावून बसलं, ‘बाहेर जा, भटकून ये’ म्हणालं, तर ते हाकलणं नव्हे. उलट खोलीत न विचारता येणं, पासपोर्ट ‘नीट ठेवतो’ म्हणून स्वतःकडे घेणं, घराची किल्ली न देणं, वाय-फाय शिक्षेसारखं बंद करणं, आजारी असताना डॉक्टरकडे जाऊ न देणं, याला कसलंही वेगळेपण म्हणू नका. पासपोर्ट आज रात्री तुमच्या कपाटात हवा.

घरच्यांच्या बाजूनेही थोडं बोलते, कारण ती बाजू ऐकल्याशिवाय वेळापत्रक जमत नाही. भारतातून येणाऱ्या काही मुलींनी ‘मुलांची आवड आहे’ असं लिहिलेलं असतं आणि डायपर कधी बदललेला नसतो. मूल घसरगुंडीवर आणि नजर मोबाइलवर, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. यातलं काही तुमच्याकडून होत असेल तर बोलायच्या आधी सुधारा. नाहीतर तुमच्या तासांच्या हिशेबाला तेच उत्तर मिळेल.

पत्राची भीती. ही सगळ्यात जास्त अडवते, आणि बऱ्याच अंशी विनाकारण. आउसबिल्डुंगला लागतात ते कागद असे: शाळा-कॉलेजची मान्यता मिळालेली प्रमाणपत्रं, भाषेचं प्रमाणपत्र, रुग्णालय किंवा शाळेबरोबरचा करार. होस्ट फॅमिलीचं शिफारसपत्र फाइलला शोभा आणतं, ते नसलं म्हणून काही अडत नाही. पुढचा परवाना परदेशी नागरिकांचं कार्यालय, आउसलेंडरबेहोर्डे, ठरवतं. तुमच्या घरच्या बाई नाही. पत्र हवंच असेल तर आत्ताच मागा, पाच महिन्यांचं, मधल्या टप्प्याचं म्हणून. ‘त्स्विशनत्सोइग्निस’ हा शब्द तिथे सगळ्यांना माहीत असतो.

आता बोलायचं कसं. आधी दोन आठवडे वही ठेवा. साधी वही: तारीख, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, बेरीज. त्याच दिवशी लिहा, रविवारी आठवून नाही. मग शनिवार-रविवारी, मुलं झोपल्यावर, दोघांनाही एकत्र बसायला सांगा. दारातून जाता जाता विषय काढू नका. ‘क्योन्नेन वीअ आम सोनटाग युबर माइनेन वोखनप्लान श्प्रेखेन?’ एवढं एक वाक्य आधी टाका, म्हणजे ‘रविवारी माझ्या आठवड्याच्या वेळापत्रकाबद्दल बोलू या का?’ जर्मन माणसाला वेळ ठरवून आणि कागद समोर ठेवून बोललेलं आवडतं. आपल्याला वाटतं त्यातून संबंध बिघडतील, पण तिकडे उलट आहे. महिनोन्महिने हसत ‘हो हो’ म्हणून एके दिवशी रडत बॅग भरणारी मुलगी त्यांना कळत नाही.

तक्रार घेऊन जाऊ नका, तयार वेळापत्रक घेऊन जा. तुमच्या घराला बसेल असं एक देते. तीन दिवस सकाळी ६.४५ ते ८.३० आणि दुपारी ३.३० ते ६.३०, म्हणजे रोज पावणेपाच तास. तिन्ही मिळून १४ तास १५ मिनिटं. दोन दिवस सकाळ पूर्ण सुट्टी, दुपारी ३.३० ते ६.३० आणि रात्री ८ ते ११, म्हणजे बरोबर सहा. दोन्ही मिळून १२. आतापर्यंत २६ तास १५ मिनिटं. उरलेले पावणेचार तास शनिवारी सकाळी ८.३० ते १२.१५, त्यांना बाजारहाट करता येईल. बरोबर ३० तास. शनिवारी दुपारपासून रविवार संपेपर्यंत तुमचा दीड दिवस. तिसऱ्या रात्रीसाठी त्यांनी दुसरी बेबीसिटर बघावी. जर्मनीत शेजारची सोळा-सतरा वर्षांची मुलगी ताशी पैसे घेऊन हे काम करते, त्यात त्यांना नवीन काही नाही. साफसफाईला महिन्यातून दोनदा बाई लावावी, तीही तिथे सर्रास मिळते.

बोलणं झालं की त्याच रात्री चार ओळींचा मेसेज: आज आपण असं ठरवलं, सोमवारपासून असं वेळापत्रक, ४० युरोंपैकी विम्याचा भाग पुढच्या महिन्यापासून कापायचा नाही, मागचे पाच महिन्यांचे असे परत. त्यांनी नुसतं ‘ओके’ पाठवलं तरी पुरे.

मागचे जास्तीचे तास? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. पाच महिन्यांचे अडीचशेहून अधिक तास मोकळ्या वेळाने भरून मिळणं जवळजवळ अशक्य, आणि ते कोर्टात जाऊन मागायचे तर वकील, पुरावा आणि तुमचा उरलेला परवाना यांची गोळाबेरीज करावी लागेल. मी साधारणपणे असा तोडगा सुचवते: वार्षिक रजेशिवाय आणखी दहा दिवस पूर्ण मोकळे, बी२च्या परीक्षेआधी सलग. घरातले लोक समजूतदार असतील तर हे देतात. पैशांतली मागणी ऐकली की मात्र बोलणं तुटतं.

दोन आठवडे नवीन वेळापत्रक चालवून बघा. तरीही तिसऱ्या रात्री ‘आजच्या दिवस’ सुरू झालं तर पुढची पायरी. एजन्सीमार्फत गेला असाल तर एजन्सीला लेखी कळवा, वहीचे फोटो जोडून. जर्मनीतल्या एजन्सीला ओपेअरकडून १५० युरोंच्या वर शुल्क घेता येत नाही, हेही माहीत असू द्या; भारतातल्या एजंटने काय घेतलं ते वेगळं, पण ते टाशेनगेल्डमधून वसूल होत नाही. एजन्सी नसेल तर इन व्हिया आणि व्हीआयजे या दोन जुन्या संस्थांची सल्ला केंद्रं बऱ्याच मोठ्या शहरांत आहेत, ओपेअरचे प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातले. अंगचटीला येणं, धमकी, कोंडून ठेवणं असं काही घडलं तर पायऱ्या नाहीत: ११० ला पोलिस, आणि बायकांवरच्या हिंसाचारासाठीची मोफत हेल्पलाइन ११६ ०१६, चोवीस तास, अनेक भाषांत.

घर बदलायचं ठरलं तर करारातली नोटीस बघा, बहुतेक करारांत १४ दिवस असते. गंभीर कारण असेल तर लगेच निघता येतं. नोटीसच्या काळात खोली आणि जेवण चालू राहतं, आणि तुम्हीही ठरलेलं काम करायचं. परवान्यावर बऱ्याचदा होस्ट फॅमिलीचं नाव छापलेलं असतं, म्हणून आउसलेंडरबेहोर्डेला लगेच, दोन आठवड्यांच्या आत, लेखी कळवा आणि नव्या घराचा करार मिळाला की तो द्या. नवं घर शोधायला किती मुदत मिळेल हे त्या-त्या कार्यालयाप्रमाणे बदलतं. म्हणूनच नवं घर बघूनच नोटीस देणं शहाणपणाचं. एक लक्षात ठेवा, घर बदललं म्हणून नवं वर्ष मिळत नाही. एकूण १२ महिने, आणि जर्मनीत ओपेअर एकदाच होता येतं. तुमच्या हातात उरलेत सात. नव्या गावात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, आनमेल्डुंग, विसरू नका.

जाता जाता, नव्या घराच्या शोधात मराठी कुटुंब मिळालं तर किती बरं, असं वाटू शकतं. ते जमणार नाही. नियमानुसार घरात जर्मन ही मातृभाषा असायला हवी; ती नुसती घरात बोलली जाणारी भाषा असेल तर ओपेअर त्या पालकांच्या मूळ देशातली चालत नाही. नात्यातलीही चालत नाही. म्युनिकमधली मराठी मंडळी भाचीला ओपेअर म्हणून बोलवायचं म्हणतात, त्यांनाही हेच उत्तर आहे.

नव्या घराशी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा ‘मुलांना काय आवडतं’ यावर अर्धा तास घालवू नका. मागच्या ओपेअरचा नंबर मागा. द्यायला कां-कूं केली तर तिथेच थांबा. तिला तीन गोष्टी विचारा: गेल्या मंगळवारी तू किती वाजता सुरू केलंस आणि किती वाजता संपवलंस, टाशेनगेल्ड बँकेत यायचं का आणि कुठल्या तारखेला, आणि तिथे असताना कुठली परीक्षा पास झालीस. मंगळवार अशासाठी, की शनिवार-रविवारचा दिवस सगळ्यांना गोड करून सांगता येतो.